पोटरीत आलेली शैला

फोटो काढायचा म्हटलं की शैला आडोसा शोधायची. कुणाची स्कूटर, पुलावाचं पातेलं, आणि काहीच मिळालं नाही तर ग्रुपमधली सर्वांत रुंद बाई, म्हणजे मी. "ताई, जरा म्होरं व्हा. तुमच्यामागं माझं पाय मावत्यात," म्हणत ती मागे सरकायची. फोटोत तिचं नुसतं हसरं डोकं माझ्या खांद्यावर ठेवल्यासारखं यायचं.

चऱ्होलीत आमची सोसायटी उभी आहे तिथे पूर्वी शैलाच्या घरच्यांची ज्वारी होती. चाकणच्या कंपनीत ती पार्ट तपासायची. तिथे पॅन्ट आणि जाड बूट, त्यामुळे पायांचा प्रश्नच नव्हता. प्रश्न श्रावणात यायचा. आमच्या मंगळागौरीच्या ग्रुपची ती राणी, पण नऊवारीचा काष्टा घातला की पोटऱ्या उघड्या पडायच्या. आणि शैलाला पोटऱ्या नव्हत्याच! घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाय एकाच मापाचा.

तिची चुलती खुर्चीतून दरवर्षी आरोळी ठोकायची, "ज्वारी पोटरीत आली, पर आमची शैली काय पोटरीत येईना!" फ्लॅटवाल्यांसाठी सांगते: कणीस बाहेर पडण्याआधी ज्वारीचं ताट वर फुगतं, ते पोटरीत येणं. मग कणीस बाहेर पडतं, ते निसवणं. सगळ्या खिदळायच्या. शैलाचं हसणं सर्वांत मोठं. "काकी, पाणी कमी पडलं वं!" म्हणायची आणि बसफुगडीला बसायची.

काय ती बसफुगडी! उकिडवी बसून, चवड्यांवर, ते काटकुळे पाय शिलाई मशीनच्या सुईसारखे चालायचे. समोरच्या बायका दमून बदलायच्या, शैला तीच. एकदा मी हौसेनं समोर बसले आणि दोन उड्यांत गादीसारखी पसरले. "ताई, उठा, लादी फुटंल," ती म्हणाली.

एका दिवाळीत रजा टाकून ती ऑपरेशन करून आली. गुडघ्यामागच्या घडीतून चीर देऊन दोन्ही पोटऱ्यांत सिलिकॉन बसवलं होतं. कंपनीत सांगितलं, शिरा सुजल्यात. मला मात्र घरी बोलावून सलवार वर केली. "हात लावा. आलं का न्हाई पीक?" छान गोलाई होती. मी तिथल्या तिथे तिची दृष्ट काढली.

श्रावण आला. शैला फोटोसाठी पहिल्यांदा पुढच्या रांगेत उभी राहिली, एक पाय नर्तकीसारखा पुढे टाकून! चुलती आ वासून बघत राहिली. मग बसफुगडीची हाक आली. शैला खाली बसायला गेली आणि अर्ध्यातच अडकली. पुन्हा वाकली, पुन्हा अडकली. पोटऱ्या दगडासारख्या ताणल्या होत्या. माझा खांदा धरून ती उभी राहिली आणि गाणं चालूच ठेवलं.

डॉक्टरांकडे मी सोबत गेले. ते म्हणाले, "मी आधी विचारलं होतं, काही खेळता का? तुम्ही नाही म्हणालात." बसवलेलं काढता येईल, पण पाय पूर्वीसारखे होतीलच असं नाही, असंही म्हणाले. बाहेर रिक्षाची वाट बघताना शैलानं सलवारीवरून दोन्ही पोटऱ्या चाचपल्या. मग म्हणाली, "मला वाटलं, क्रिकेट-बिकेट इचारत्यात. फुगडीला कोन खेळ म्हनतं, ताई?"

आमच्या बॅनरवर दरवर्षी लिहिलेलं असतं: मंगळागौरीचे खेळ.

यंदा ती चुलतीशेजारी खुर्ची टाकून बसली होती. गाणी तिचीच, फुगडी दुसऱ्यांची. चुलतीनं हळूच विचारलं, "काय गं शैले, यंदा बसूनच?"

"काकी, पोटरीत आली, पर निसवली न्हाई."

या वेळी कुणीच हसलं नाही.

फोटोला सगळ्या उभ्या राहिल्या, तशी ती उठून माझ्यामागे आली. मी म्हटलं, "आता गं कशाला? पाय तर छान झालेत."

"पाय ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "म्होरं व्हा ताई, आज त्वांड झाकायचंय."

मी जमेल तेवढी रुंद उभी राहिले.