घरच्या माणसाची स्लाइड

आमच्या मामी रक्त बघतात. मारामारीतलं नव्हे, काचेवरचं. दवाखान्याच्या तळमजल्यावर त्यांची प्रयोगशाळा. थेंबभर रक्त स्लाइडवर पसरायचं, रंगवायचं आणि मायक्रोस्कोपखाली त्यातल्या पेशी बघायच्या. माणसांपेक्षा पेशींशी त्यांचं जास्त जमतं. "त्या उलट बोलत नाहीत," असं त्या मामांकडे बघून म्हणतात.

मामा म्हणजे सुईचं नाव काढलं तरी घाम फुटणारा गडी. पण थकवा काही केल्या जाईना, तेव्हा मामींनी त्यांना दवाखान्यात ओढून नेलंच. ते कोसळले तर सावरायला म्हणून मी बरोबर. नळीत रक्त घेतलं, मशीनमध्ये घातलं आणि आकडा आला: प्लेटलेट्स फारच कमी. यामागे साधं कारण असू शकतं, तसा रक्ताचा कॅन्सरही. डॉक्टर म्हणाले, "आधी स्लाइड बघू, मग बोलू."

आता त्या प्रयोगशाळेची एक रीत आहे. घरच्या माणसाची स्लाइड आपण बघायची नाही. मनात भीती असली की डोळ्यांना तीच दिसते. पण मामींची सहकारी रजेवर, आणि मामींना दम कुठला? त्यांनीच बघितली. कडेला प्लेटलेट्सचे घोळकेच्या घोळके. रक्त गोठू नये म्हणून नळीत औषध असतं, त्यानं कधीकधी प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्यांना मोजतच नाही. परक्याची स्लाइड असती तर मामींनी तेव्हाच निवांत चहा मागवला असता. इथं स्वतःच्याच डोळ्यांवर विश्वास बसेना. औषधाची भानगडच नको, थेट बोटातून थेंब घेऊन पुन्हा बघायचं ठरलं.

त्यांनी मामांचं बोट धरलं आणि त्यांचाच हात लटपटायला लागला. गावभर सुया टोचणारा हात! मला हसू येणार होतं, तेवढ्यात मामांनी दुसऱ्या हातानं त्यांचं मनगट धरलं.

"टोच तू," ते म्हणाले. "मला काही होत नाही."

नव्या स्लाइडवर प्लेटलेट्स भरपूर होत्या, सुट्या सुट्या. थकवा पुढं पत्त्यांच्या जागरणांचा निघाला, पण तेव्हा आम्हाला काय माहीत? मामी मायक्रोस्कोपवरून मान वर करीनात.

"काय दिसतंय?" मामांनी हळूच विचारलं.

"सगळं ठीक आहे."

"मग रडतेस कशाला?"

"गप्प बसा हो," मामी म्हणाल्या. "मला अजून एकदा बघू द्या."