सीनाकाठच्या बुरुजाचं दार

"त्र्यंबक, तुझी बुरुजावरची पुस्तिका वाचली. अर्धी. बुरूज आदिलशाहीचा आणि तुझे पूर्वज त्याचे राखणदार, हे पानोपानी सांगतोस. दार कुठल्या बाजूला ते सांगत नाहीस. उत्तरेला निजामशाही, दक्षिणेला आदिलशाही; शत्रूच्या तोंडावर दार कोण ठेवेल? दक्षिणेला असेल तर बुरूज आदिलशाहीचा. उत्तरेला, नदीकडे असेल तर निजामशाहीचा, आणि तुझी पुस्तिका रद्दीत. डिसेंबरात सोलापूरला जातेय. बघून येऊ?
मृणालिनी"

कॉलेजातल्या मैत्रिणीचं हे पत्र चँडलरहून सनीव्हेलला आलं आणि अमेरिकेत मुलाकडे राहणाऱ्या त्र्यंबकचं बूड खुर्चीला टेकेना. इतिहासात बीए करून जन्मभर पोस्टात नोकरी केलेला माणूस. बुरूज हीच त्याची कमाई. "बघून ये," असं त्याने फोनवर ऐटीत सांगितलं खरं. स्वतः जाता येत नव्हतं. ग्रीन कार्डाचा अर्ज अडकलेला, देश सोडला तर बाद. मग किचन ते पार्किंग येरझारा. लहानपणी त्या दारातून तो शंभरदा आत चढला होता, पण दिशा कोण बघतो?

दिवाळीला त्याने नेहमीप्रमाणे बाल्कनीत किल्ला केला. दुकानातून आणलेली पिशवीतली माती, निम्मा भुसा. बुरूज सारखा ढासळायचा. एकदाचा उभा राहिला, तेव्हा बोटाने आपोआप दार कोरलं. चंदेरी फॉइलच्या नदीकडे.

सून सुमेधा चहा घेऊन आली. "बाबा, नदीकडे दार? म्हणजे शत्रूला वेलकमच की!"

त्र्यंबकला दारात बसून हलवलेले पाय आठवले. पायांखाली पाणी होतं. त्याने दार लिंपलं, मागच्या बाजूला कोरलं, तेही लिंपलं.

"हाउ डू दे गेट इन, आजोबा?" नात नैनाने विचारलं.

"वरून!" तो खेकसला.

डिसेंबरात सोलापूरहून मृणालिनीचा फोन आला. "जीप ठरवलीय. सकाळी निघते."

"कशाला गं? थंडीचे दिवस."

"सोलापुरात थंडी? काहीतरीच!"

"रस्ता खराब आहे."

"त्र्यंबक, कॉलेजात असल्यापासून थाप मारताना तू असाच खाकरतोस."

तो पुन्हा खाकरला. "जाऊ नकोस. माझं कार्ड येऊ दे, दोघं जाऊ."

"बरं बाबा. जीपवाल्याच्या शिव्या मी खाते."

२००७च्या मार्चमध्ये कार्ड आलं. सुमेधाने पेढे वाटले. मृणालिनीचा त्याच दिवशी फोन. "काढू तिकिटं?"

"ऊन फार असेल आता. पावसाळा सरू दे."

पावसाळा सरला. दिवाळी आली, आणि त्र्यंबकने पुन्हा बिनदाराचा बुरूज बांधला.