सिद्धगडचा गजासुर

दोन हजार सहा सालच्या माघात धसईच्या बाजारात एक कुजबुज होती. सिद्धगडावर सोंडवालं जनावर उठलंय. अनंता फोटोवाल्याने त्याचा फोटो काढला आणि तेव्हापासून ते त्याच्या कॅमेऱ्याच्या नळीत येऊन बसलंय. भाजीवाली जुडी बांधता बांधता सांगायची, गिऱ्हाईक जुडीबरोबर ती बातमी पुढच्या गावी न्यायचं. संध्याकाळपर्यंत मेथी सुकायची, बातमी तेवढी ताजी राहायची.

हा अनंता म्हणजे लग्नाचे फोटो काढणारा. वीस वर्षं त्याने तालुक्यातल्या नवऱ्या गुलाबाच्या फुलात नि नवरे बदामाच्या चौकटीत बसवले. एवढ्यावर भागावं की नाही? पण गड्याला कलावंत व्हायचं होतं. अंगात दहा खिशांचं जाकीट, त्यातल्या नऊ खिशांत काही नाही आणि दहाव्यात तंबाखूची पुडी. कोणी पासपोर्ट फोटोला आलं तरी हा मान तिरकी करून त्याच्याकडे असा बघायचा, की त्या बिचाऱ्याला वाटावं आपल्याला कावीळ झाली.

त्यात एका शाळेने प्रयोगशाळेचं मोडकं सामान काढलं. बाकीच्यांनी खुर्च्या उचलल्या, ह्याने मान तुटलेला सूक्ष्मदर्शक उचलला. त्याला खाली वस्तूकडे तोंड करून बोटभर पितळी भिंग असतं, ऑब्जेक्टिव्ह म्हणतात त्याला. तेच ह्याने काढलं. नळाच्या पाइपाचा वीतभर तुकडा घेतला, आतून काळा कागद चिकटवला, एका तोंडाला ते भिंग एमसीलने बसवलं आणि दुसरं तोंड कॅमेऱ्याला जोडलं. उरलेल्या सूक्ष्मदर्शकाचा बारीक फिरणारा स्क्रू होताच. त्यावर टाचणी, टाचणीच्या टोकाला किडा.

ह्या भिंगाची खोड अशी, की मुंगीचा डोळा स्वच्छ दिसला तर तिची मिशी धुरकट, आणि मिशी धरावी तर डोळा गेला. म्हणून स्क्रू केसभर फिरवायचा नि फोटो काढायचा, पुन्हा केसभर नि पुन्हा फोटो. असे साठ-सत्तर झाले की कॉम्प्युटरवर प्रत्येकातला स्वच्छ तेवढा भाग उचलून एक फोटो जुळवायचा. तेवढ्यात मुरबाडची एसटी दुकानावरून गेली की टाचणी थरथरे आणि सगळं मुसळ केरात. मग अनंता दारात येऊन एसटीला शिव्या घाली. ड्रायव्हरला वाटे, फोटोवाला रोज हात करतो. तोही हात करी.

बायको गिरजा मात्र पिसाळली होती. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात फिल्मच्या डब्या, आणि डब्यांत मेलेले किडे.

"अवं, मानसं आइस्क्रीम ठेवतात तिथं!"

"तुला कलेतलं काय कळतंय?"

"मला एवढं कळतंय, तुमची कला माज्या कोथिंबिरीला चिकटते."

अशात ह्याला एक जनावर सापडलं आणि त्याचा फोटो, खरं बोलायचं तर, झकास आला. लांबलचक सोंड, सोंडेच्या बुडाशी काळेभोर डोळे, पाठ खड्ड्याखड्ड्यांची, वर गंजाच्या रंगाचे चार ठिपके. ठाण्याच्या कुठल्याशा निसर्गमंडळाने स्पर्धा ठेवली होती. अनंताने फोटोखाली लिहिलं, 'सिद्धगडचा गजासुर', आणि माहितीच्या रकान्यात ठोकून दिलं, की हा दुर्मीळ कीटक गडावरच्या कपारीत तीन दिवस दबा धरल्यावर हाती लागला. सिद्धगडावर हा गेला होता आठवीच्या सहलीला. तेव्हाही माचीवरच बसून भाकरी खाल्ली आणि खाली उतरला. पण पाच परीक्षकांनी माना डोलावल्या आणि पितळी चषक देऊन टाकला. परीक्षकही असे, की ताटात भात वाढल्यावरच त्यांची नि तांदळाची भेट.

अनंताने तो फोटो तीन फुटी करून दुकानाच्या काचेत लावला. लोकांनी पाहिला आणि हिशेब केला. तो आपल्याकडचाच हिशेब.

"माझा फोटो बोटाएवढा येतो," कान्हा रिक्षावाला म्हणाला, "नि मी हाय साडेपाच फूट. मग ज्याचा फोटोच तीन फुटी, ते जनावर केवढं असल रे?"

हिशेब सगळ्यांना पटला. फोटोत माणूस लहान होतो, हे वीस वर्षं अनंतानेच त्यांना दाखवलं होतं. गडाखालच्या वाड्यांतल्या बायका रानात एकट्या जाईनाशा झाल्या. अनंता गालात हसला. गैरसमज दूर करावा असं त्याला मुळीच वाटलं नाही. गजासुर जेवढा मोठा, तेवढा तोही मोठा.

हसू आटलं ते सापगावाहून बहीण आली तेव्हा. चंद्रकलेच्या रुपाचं लग्न ठरलं होतं. नवरीला हात धरून मांडवात आणायचं ते मामाने, आणि रुपाला मामा एकच, हा.

"दादा, कसं सांगू? हिराबाई, रुपाची सासू, म्हंते हळद लागलेल्या अंगाला बाहेरचं लगेच धरतं. ज्याने ते जनावर हाताळलं, त्याचा हात नवरीला नको."

"मग मी काय करू? जेवायला येऊ नि जाऊ?"

"फोटोपन दुसरा काढील."

रुपा तीन वर्षांची असताना ह्याच मामाच्या खांद्यावर बसून धसईची जत्रा बघायची. अनंताने चषकाकडे पाहिलं. मग बहिणीकडे पाहिलं. आणि बोलला काय, तर "बघू."

बहीण गेल्यावर गिरजा म्हणाली, "खरं सांगून टाका."

"चषक जाईल. लोक हसतील."

"आता काय रडतात होय तुमाला बघून?"

लग्नाच्या दिवशी मांडव भरला, वऱ्हाड आलं, भटजींनी घड्याळ पाहिलं, नवरी येईना. रुपा आतून ओरडली, "मामा आणील तं येईन, नाय तं नाय!"

हिराबाई कमरेवर हात देऊन उभी. अनंता दोन मिनिटं जाकिटाची बटणं चाचपत राहिला. मग गिरजाने घरून पिशवीतून आणलेलं कॅमेऱ्याचं ते धूड त्याच्या हातात कोंबलं. टेबलावर कॅमेरा, पाइप, भिंग, टाचणी. समोर उन्हाची तिरीप पाडायला तोंड बघायचा हातआरसा.

"या विहीणबाई. इथं डोळा लावा."

हिराबाईने पदर सावरत डोळा लावला आणि किंचाळली, "अगो बाई! हाच तो!"

"आता डोळा काढा नि टाचणीचं टोक बघा."

तिने पाहिलं. गंगी म्हणून तिची जाऊ होती, वऱ्हाडाबरोबर आलेली, सगळा जन्म सुपाशी गेलेली. ती पुढे वाकली, तिने टाचणी बघितली, मग भिंगातून बघितलं, पुन्हा टाचणी बघितली.

"अगो हिरे, चार ठिपके बघ ना. हा तं सोंडा! तांदळातला! मी रोज नखावर मारते ह्याला!"

मांडव असा हसला की बँडवाल्याला वाटलं मुहूर्त झाला. त्याने वाजवायला सुरुवात केली. साऱ्या तालुक्याला धाक घालणारा गजासुर टाचणीवर पाय वर करून पडला होता. अनंताचे कान लाल झाले. हिराबाईही लाजली, पण विहीण ती. लाजेतून बाहेर यायला तिला वेळ लागत नाही.

"बरं," ती म्हणाली, "पन सोंडा पडलेला तांदूळ कोनाच्या घरचा?"

चंद्रकला एकदम पडवीतल्या खांबाला टेकली. अक्षता तिच्याच घरच्या, चुलाण्यावरचा भातही तिच्याच घरचा.

"आमचा," अनंता म्हणाला. "आमच्या हिला कणगीत कडुलिंबाचा पाला घालायचं सुचत नाय."

गिरजाने त्याच्याकडे असं पाहिलं, की भिंगाशिवायही तो चार फूट लहान झाला. "घरी चला," ती दातांतून म्हणाली, "मंग दावते."

पण तोवर तो आत गेला होता. रुपाचा हात धरून बाहेर आला, तेव्हा ऐट अशी, जणू तीही त्यानेच साठ फोटो जुळवून तयार केली होती. मंडळाने चषक परत मागितला नाही. मागितला असता तर पाच परीक्षकांना सोंडा ओळखता आला नाही, हे छापावं लागलं असतं.

सिद्धगडावर कुठलंही जनावर उठलं नव्हतं. फोटोतला तो सोंडा तांदळाच्या दाण्याहून लहान होता, आणि चंद्रकलेने भाऊबीजेला भावाकडे पाठवलेल्या तांदळात निघाला होता.