दोन बोटांचं अंतर

मला राग लवकर येतो आणि तो लपवता येत नाही. फिजिओथेरपीच्या कॉलेजात मैत्रिणी म्हणायच्या, तू पेशंटला चालवतेस की हाकतेस? मी हसण्यावारी न्यायची. पण लाटंबार्सेतल्या एका मावशींवर मी आरोग्य उपकेंद्रात भर गर्दीत ओरडले, तेव्हा कोणी हसलं नाही.

तेव्हा मी फुफ्फुसाच्या जुनाट आजारावरच्या एका संशोधनात काम करत होते. धुराने नाहीतर धुळीने ज्यांच्या श्वासनलिका वर्षानुवर्षं आकसत गेल्यात, अशा माणसांना पंपाने ओढायचं औषध आणि जोडीला व्यायाम दिला, तर दम किती कमी होतो हे तीन महिने पाहायचं होतं. गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतली घरं माझ्याकडे होती. स्कूटरवरून हिंडायचं, पंप कसा ओढायचा ते शिकवायचं, व्यायाम करून घ्यायचा आणि महिन्याने उपकेंद्रात बोलावून मोजमापं घ्यायची.

मावशींनी आयुष्यात कधी विडी ओढली नव्हती. घरचं आणि शेजारपाजारचं भात उकडताना चुलीपुढे जन्म गेला होता, तेवढा धूर पुरला. त्यांना एकच गोष्ट हवी होती. घरामागच्या डोंगरावर त्यांची काजूची झाडं होती आणि मागच्या हंगामात अर्ध्या वाटेवरूनच त्यांना परतावं लागलं होतं. "यंदा हांव वयर वतलीं," वर जाणार म्हणजे जाणारच, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी हसून हो म्हटलं होतं.

दुसऱ्या महिन्याची तपासणी शुक्रवारी होती. त्यांचं सगळंच घसरलं होतं. सहा मिनिटं चालायच्या चाचणीत त्या दोनदा भिंतीला टेकल्या. जोरात फुंकायच्या तपासणीचा आकडा पहिल्यापेक्षा खाली आला. औषधाची पूड भरलेली कॅप्सूल पंपात घालून ओढायची असते; त्या वापरलेल्या कॅप्सूलची टरफलं मात्र डब्यात घालून आणलेली, एकही कमी नाही. माझं डोकं फिरलं.

"औषध ओतून टाकता आणि टरफलं तेवढी आणता ना, मावशी? कोणाला फसवताय, मला की स्वतःला?"

त्यांनी टरफलांचा डबा मिटून जवळ ओढला. दम लागल्यामुळे बोलत नव्हत्या की अपमानामुळे, हे पाहायचंही मला सुचलं नाही. संध्याकाळी संशोधनाच्या मुख्य डॉक्टरांना आकडे कळवले आणि माझा संशयही. सर म्हणाले, बाई औषध घेत नसतील तर सोमवारी त्यांचं नाव काढू. म्हणजे आमचं औषध बंद, व्यायाम बंद आणि डोंगर तर विसराच.

शनिवारी सकाळी सात वाजता मी न कळवता त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. चोरी पकडायची, एवढंच डोक्यात होतं. सून दारातच आडवी आली.

"काल तुवें इतलें उलयलें, तें पुरो जालें ना?"

"येवंदी गो तिका," आतून मावशींचा तुटका आवाज आला.

त्या बाकावर गुडघ्यांवर हात रोवून बसल्या होत्या. दर श्वासाला खांदे वर उचलले जात होते. बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर आकडा नव्वदच्या बराच खाली. गाडी बोलवावी की आधी पंप द्यावा, हे माझं ठरेपर्यंत त्यांनीच पंप उचलला.

"पळय. तुज्या दोळ्यांमुखार घेतां."

कॅप्सूल आत घातली, पंप पिळला, कट्ट असा आवाज झाला. मग त्यांनी मान किंचित मागे नेली, तोंड उघडलं आणि पंप ओठांपासून दोन बोटं लांब धरून सगळा जोर लावून श्वास ओढला. तांब्यातलं पाणी वरून प्यावं तसा. पांढरी पूड हनुवटीवर सांडली. ती पदराने पुसून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आता बोल म्हणून.

"मावशी, ओठ लावायचे! तोंडात घट्ट धरायचा! लांबून ओढलं तर औषध आत जाणार कसं?"

"तुवें खंय लायिल्ले?" त्यांनी विचारलं.

खरंच, मी कुठे लावले होते? दाखवायचा पंप माझ्याकडे एकच होता आणि तो सगळ्या घरांतून फिरायचा. माझा उष्टा पंप लोकांच्या घरात कसा नाचवायचा, म्हणून मी तो ओठांपासून दोन बोटं लांब धरून दाखवायची. वर, मी उष्टा करत नाही असं सांगायचीही, आणि घरोघरच्या बायका कौतुकाने माना डोलवायच्या. मला त्याचा केवढा अभिमान होता! ओठ मिटायचे असं मी तोंडाने सांगितलं असणार, पण हाताने उलटंच दाखवत होते. मावशींनी पाहिलं तसं केलं, इमानाने, दिवसातून दोनदा.

पहिली कॅप्सूल वायाच गेली होती. दुसरी घातली, पंप त्यांच्या दातांमध्ये धरून ओठ माझ्या बोटांनी मिटवले आणि ओढायला लावलं. त्यांना ठसका लागला. पण या वेळी पूड कुठेच सांडली नाही. मग पुढे वाकून, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला बसवलं. अर्धा तास सून आणि मी त्या आकड्याकडे बघत होतो. आकडा रेंगाळला, खाली गेला, मग हळूहळू नव्वदच्या वर आला. मावशींनी सुनेला चहा ठेवायला सांगितलं, अख्खं वाक्य एका दमात.

अंगणात जाऊन मी सरांना फोन लावला. त्या पंप चुकीचा घेत होत्या, एवढंच सांगितलं.

"म्हणजे पेशंटची चूक," सर म्हणाले. "तसा शेरा लिही. सोमवारी नाव काढू."

किती सोपं होतं! एक शेरा लिहायचा, माझी नोकरी शाबूत. तोवर मावशी दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या होत्या. सरांचा आवाज फोनबाहेर येत होता.

"म्हण गो, म्हातारेक कळ्ळें ना म्हूण," त्या हळूच म्हणाल्या. "तुजें काम वतलें."

काल जिला मी चारचौघांत खोटं ठरवलं, ती बाई माझ्यासाठी खोटी पडायला तयार होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सर, चूक त्यांची नाही. मीच तसं शिकवलं," मी म्हणाले. "त्यांना एकट्यांना नाही. सगळ्यांना."

"बाईंचं नाव राहू दे," सर म्हणाले. "यादी घे आणि आजच्या आज प्रत्येक घरी जा. तुझं काय ते सोमवारी बघू."

यादीत पहिलं घर पार्सेतल्या एका आजोबांचं होतं. त्यांच्या अंगणात मी स्कूटर बंद केली, आणि दारापर्यंत पोचायच्या आधीच आतून त्यांची धाप मला ऐकू आली.