डेरी, लंडनडेरी आणि आठवीचा वर्ग

मी लिहावे असे माझ्यापाशी फारसे काही नाही, आणि जे आहे ते मांडण्याचा सराव तर मुळीच नाही. उभे आयुष्य दुसऱ्यांच्या निबंधांवर लाल शाईने खुणा करण्यात गेले; स्वतःचा परिच्छेद लिहायला बसले ती निवृत्तीनंतर. हे धाडस वाचकांनी पोटात घालावे, अशी प्रारंभीच विनंती करते.

मी जालन्याच्या महाविद्यालयात बी. एड. करत होते ते वर्ष १९७८-७९चे. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. मी बदनापूरला मामांकडे राहत असे आणि रेल्वेने ये-जा करत असे. आमचे घराणे बौद्ध. मूळ गाव जाफराबादच्या बाजूचे.

वर्षाच्या सुरुवातीसच अंतिम पाठाचा विषय नोंदवावा लागे. मी भूगोल घेतला होता. 'ब्रिटिश बेटे' या घटकातून नमुन्यादाखल उत्तर आयर्लंडमधील एक काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, मी निवडला. ग्रंथालयातल्या जुन्या कोशात त्याच्याविषयी दोन पाने मजकूर होता आणि नकाशा काढायला सोपा होता, एवढेच कारण. उत्तरेस अटलांटिक, दक्षिणेस स्पेरिनच्या टेकड्या, पश्चिमेकडे फॉइल नदी, पूर्वेकडे बॅन. मी कापडावर तो नकाशा रंगवला आणि वर दोन्ही नावे लिहिली : डेरी, लंडनडेरी. तेव्हा त्या नावांनी मला काही केले नव्हते.

त्यानंतर जुलैच्या अखेरीस आमच्या विद्यापीठाचे नाव बदलण्याचा ठराव विधिमंडळात झाला. आमच्या घराघरांत ज्यांची तसबीर आहे, त्यांचे नाव विद्यापीठाला मिळणार होते. पुढे काय झाले ते मराठवाड्याला ठाऊक आहे. काही गावांत आमच्या लोकांची घरे जळाली. त्या दिवसांत मामी मला स्टेशनपर्यंत सोडायला येत आणि गाडी हलेपर्यंत फलाटावर उभ्या राहत.

अंतिम पाठ आला तेव्हाही ताण सरला नव्हता. नोंदवलेला विषय बदलता येत नव्हता. पाठात नापास झाले असते तर वर्ष वाया गेले असते, आणि मंठ्याकडच्या एका शाळेने जूनपासून देऊ केलेली जागाही गेली असती. आदल्या संध्याकाळी मी नकाशा जमिनीवर पसरून बसले होते. मामा वाकून पाहू लागले.

"ही दोन नावं कशापायी?"

मी त्यांना इतिहास सांगितला. डेरी म्हणजे तिथल्या मूळ भाषेत ओक वृक्षांची राई. सतराव्या शतकात इंग्रज राजाने तिथली जमीन लंडनच्या व्यापारी संघांना दिली. त्यांनी तटबंदीचे शहर वसवले आणि जुन्या नावाला मागून नव्हे, पुढून 'लंडन' जोडले. तेव्हापासून कोण कोणते नाव घेतो यावरून तो मूळ आयरिश लोकांच्या गटाचा की इंग्रजांच्या बाजूचा ते कळते, आणि अजूनही तिथे माणसे मरतात.

मामा नकाशाच्या कडेला उकिडवे बसले. "पोरी, तिकडच्या भांडणाचं वझं आपण कशाला उचलायचं? आपलंच दारात पडून राह्यलंय. एकच नाव घे अन् मोकळी हो."

"कोणतं घेऊ?"

"त्येबी खरंच," मामा म्हणाले आणि हात धुवायला उठले.

पाठ मुलींच्या शाळेत, आठवीच्या वर्गावर होता. मागच्या बाकावर बाहेरून आलेले परीक्षक आणि त्यांच्याशेजारी वर्गशिक्षिका. सुरुवात बरी झाली. त्या काउंटीत पूर्वी जवस पिकवत आणि त्याच्या ताटांपासून धागा काढून तलम कापड विणत, असे मी सांगितले.

"बाई, जवसाची तर आमी चटनी करतो," एक मुलगी म्हणाली.

"मंग त्यांची चटनी अंगावर घालायची म्हन की," दुसरीने जोडले. वर्ग हसला, परीक्षकही किंचित हसले, आणि माझा आवाज मोकळा झाला.

मग मी नावाकडे आले. तयारीप्रमाणे वाक्ये म्हटली. पहिल्या बाकावरची, चांगल्या शेतकरी घरातली एक हुशार मुलगी उभी राहिली.

"म्हणजे बाई, जुनं नाव कधी बदलू न्हाई. माझे काका बी हेच म्हणतात."

काका कशाविषयी म्हणतात, हे वर्गात सगळ्यांना कळले. खिडकीकडच्या बाकांवर आमच्या समाजातल्या मुली एकत्र बसत. त्यांनी माना खाली घातल्या. त्यांच्यातली एक मान वर न करताच पुटपुटली, "तुह्या काकाला धाड आयर्लंडला."

या वेळी कुणी हसले नाही. पहिल्या बाकावरची मुलगी मागे वळली. "तुमच्यातल्यांनी मधी बोलू न्हाई." परीक्षकांनी बाकावरची पेन्सिल उचलली.

मला आदल्या रात्री न सुचलेली गोष्ट तिथे उभी असताना उमगली. मी खरा इतिहास सांगितला होता, आणि तोच माझ्या विरुद्ध उभा राहिला होता. तिकडे जुने नाव दडपलेल्यांचे होते; इकडे नवे नाव दडपलेल्यांचे. मुलीचा तर्क चुकीचा नव्हता. अपुरा होता.

"खाली बस," मी म्हणाले. "नाव जुने आहे म्हणून ते योग्य ठरत नाही, आणि नवे आहे म्हणून अयोग्यही ठरत नाही. तिथले नवे नाव जमीन घेणाऱ्यांनी लावले. जमीन ज्यांची गेली त्यांना कुणी विचारले नाही. पण ज्यांना आजवर कुणी विचारले नव्हते, तेच जर कुठे नवे नाव मागत असतील, तर तिथे हा धडा उलटा वाचावा लागतो."

"कुठं, बाई?" मुलीने विचारले. तिच्या स्वरात खोडी नव्हती.

परीक्षक म्हणाले, "पुढे चला." मी पुढे गेले. उजळणीचे प्रश्न विचारले. खिडकीकडच्या मुलींनी एकाही प्रश्नाला हात वर केला नाही.

शिक्षकखोलीत परीक्षक शांतपणे म्हणाले, "पाठ चांगला होता. तो शेवटचा भाग मात्र भूगोल नव्हता."

"तो विषय विद्यार्थिनीने काढला होता, सर."

"मान्य. पण 'याचा शोध घरी घ्या' असे सांगून थांबता येते. तुमच्या अध्यापन-पद्धतीच्या पुस्तकातही ते आहे."

वर्गशिक्षिका मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. वाईट बाई नव्हत्या. "तुम्हाला म्हणून सांगते," त्या म्हणाल्या, "त्या मुलीचे काका आमच्या शाळेच्या समितीवर आहेत. अन् त्यांचे सोयरे मंठ्याकडं आहेत."

निकालात मी उत्तीर्ण झाले. सर्वांत कमी गुण त्याच पाठाला होते. मंठ्याकडच्या शाळेने जागा भरली गेल्याचे कळवले. या दोन गोष्टींचा संबंध होता की नव्हता, ते मला आजही ठाऊक नाही, आणि नाही म्हणून मी तो जोडत नाही. वर्षभर घरी बसले. मग दुसरीकडे नोकरी मिळाली, तीच शेवटपर्यंत केली.

पण त्या मुलीने "कुठं, बाई?" असे विचारले होते, आणि मी पुढे गेले होते. परीक्षकांनी सांगितले म्हणून गेले, हे खरे. त्यांनी सांगितले नसते तर माझ्या तोंडून शब्द फुटला असता का, हे मला सांगता येत नाही. माझ्या जागी त्या फळ्यापुढे तुम्ही असता, तर तिला काय उत्तर दिले असते?