गोळीनंतरचा चहा

"बस खाली. चहा होऊ दे."

काका माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. सिंगापुरात बेडोकमधल्या आमच्या ब्लॉकची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि आत आम्ही दोघंच होतो. मला रॅफल्स प्लेसला मीटिंग होती. मी दिसेल ते बटण दाबत होतो आणि लिफ्टचा यथेच्छ उद्धार करत होतो. हे गृहस्थ मात्र, सत्तरीचे, खाकी शर्ट, पायात हे जाड बूट, पिशवीतून थर्मास काढून चक्क फरशीवर मांडी घालून बसले.

"अलार्म एकदा दाबला ना? कळलंय त्यांना. परत परत दाबून काय लिफ्टला गुदगुल्या करतोस?"

बेडोकच्या लिफ्टमध्ये असं मराठी कानावर पडल्यावर मी उडालोच. मी मराठी आहे हे कसं ओळखलं, असं विचारलं, तर म्हणाले, "शिव्यांवरून. पुण्याचा ना?"

थर्मासच्या झाकणात त्यांनी मला आल्याचा चहा दिला. तो संपेपर्यंत लिफ्टवाला आला. मीटिंग बुडाली, आणि माझ्यावाचून तिचं काहीही अडलं नव्हतं हे ऑफिसात गेल्यावर कळलं. त्याचा मला जरा रागच आला.

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी "पुणेकर" झालो. मूळचे ते कोकणातले. तरुणपणी जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून इथे आले, इथलेच नागरिक झाले, आणि माझ्या दोन मजले वर काकूंबरोबर राहत होते. हा माणूस हरणांची शिकार करतो हे काकूंनी सांगितलं तेव्हा मी हसलो. सिंगापुरात? जिथे रस्त्याकडेच्या झाडाची फांदीसुद्धा सरकारला विचारून वाढते, तिथे?

"इथे नाही हो, न्यूझीलंडला जातात, दर वर्षी," काकू म्हणाल्या. "बंदूक क्लबच्या तिजोरीत असते. घरी ठेवायची परवानगी नाही म्हणून संसार टिकला आमचा."

आता मी म्हणजे अंडंसुद्धा आईला न सांगता खाणाऱ्या घरातला. मी एकदा काकांना सरळ विचारलं, की काका, मारायचं कशाला बिचाऱ्यांना? मला वाटलं, काहीतरी तत्त्वज्ञान ऐकवतील.

"तिथे हरणं बाहेरून आणून सोडलेली आहेत. फार झालीत, जंगल खातात, शेतकऱ्याला नकोशी झालीत. हे सगळं खरं आहे. पण मी काय त्यांचं जंगल वाचवायला जातो? मला आवडतं म्हणून जातो. खोटं कशाला सांगू?"



चहाचं कोडं पुढे सुटलं. ब्लॉकखाली व्हॉइड डेकवर, म्हणजे तळमजल्याच्या मोकळ्या जागेत, एक दगडी बाक आहे, तिथे रविवारी सकाळी ते थर्मास घेऊन बसायचे. समोरच खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर होतं, पण तिथला चहा त्यांना चालत नसे. "तो चहा नाही, कन्डेन्स्ड मिल्कचा शिरा आहे," असं त्यांचं मत होतं. त्या बाकावर त्यांनी मला त्यांचं सगळं शास्त्र सांगितलं.

तरुणपणी कारखान्यातला एक चिनी फोरमन त्यांना पलीकडे मलेशियात जोहोरच्या जंगलात सांबराच्या शिकारीला न्यायचा. पायात कॅनव्हासचे बूट, जळवांसाठी खिशात तंबाखू, आणि दोघांत मिळून एक बंदूक. त्या फोरमनची एकच शिस्त होती. गोळी झाडली की जागेवरून हलायचं नाही. खाली बसायचं आणि एक सिगारेट ओढायची. ती संपली की मग उठायचं.

"का?"

"अरे, मेलं असेल तर ते कुठे जाणार नाही. आणि जखमी असेल, आणि तू लगेच मागे धावलास, तर ते जीव घेऊन पळतं. पार डोंगरापलीकडे जातं आणि तिथे हाल होऊन मरतं. तू नाही धावलास तर जवळच कुठेतरी झुडपात आडवं होतं. मग शांतपणे जायचं."

डॉक्टरांनी सिगारेट सोडायला लावली, म्हणून तिच्या जागी चहा आला. आणि एकदा आला तो सगळीकडेच आला. बँकेचं पत्र येऊ दे, काकूंशी भांडण होऊ दे, नळ फुटू दे, हे आधी बसणार. नळ फुटला त्या दिवशी काकू घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून मला म्हणाल्या, "यांचा चहा झाल्याशिवाय भूकंपसुद्धा यायचा नाही आमच्याकडे!"

एकदा मात्र या सवयीने माझं घर वाचवलं, असंच म्हणतो मी. माझ्या मुलीचा परीक्षेचा निकाल लागला होता. अपेक्षेपेक्षा बरेच कमी मार्क पडले होते. ती खोलीत गेली आणि धाडकन दार लावून घेतलं. काका काही कामाने आमच्याकडे आलेले. मी दारावर थाप मारायला उठलो, समजूत घालणार होतो की ओरडणार होतो, माझं मलाच माहीत नव्हतं. काकांनी माझं मनगट धरलं.

"आत्ता नको. जखमी आहे. मागे गेलास तर लांब जाईल. चहा होऊ दे."

आम्ही दोघं चहा प्यायलो. थोड्या वेळाने दार उघडलं आणि सुजलेल्या डोळ्यांनी बाईसाहेब बाहेर आल्या. "मला न देता पिताय? नॉट फेअर लाह," सिंगापुरी ढंगात म्हणाल्या. मी माझा कप तिच्यापुढे सरकवला. मार्कांबद्दल आम्ही दुसऱ्या दिवशी बोललो, आणि चांगलं बोललो.

अलीकडे त्यांच्याबरोबर शिकारीला एक तरुण जायचा. मुंबईचा, आयटीतला मॅनेजर, कॉन्डोत, म्हणजे महागड्या खासगी सोसायटीत, राहणारा. काका त्याला तोंडावर "कॉन्डोवाला" म्हणत आणि त्यालाही ते आवडे. त्याच्याकडे काय नव्हतं! अंतर मोजणारं यंत्र, वाऱ्याचा अंदाज देणारं ॲप, अंगाचा वास मारणारा स्प्रे, पानापानांचे छाप असलेले कपडे. "अंगावर अख्खं झाड घालून येतो आणि मग मेसेज आला की खिशात टिंगटिंग वाजतं," काका म्हणायचे. त्यांच्याकडे वारा बघायला टाल्कम पावडरचा छोटा डबा होता. दाबला की पावडर उडते, ती जाईल तिकडे वारा. अंगात काकूंनी विणलेला स्वेटर.

पण नव्याला नावं ठेवत बसणाऱ्यांतले ते नव्हते. नवे बूट त्यांना मनापासून आवडत. "जुन्या बुटांचं कौतुक ज्याच्या पायाला फोड आले नाहीत त्याने करावं," म्हणत. कॉन्डोवाल्याकडे अंधारातसुद्धा जनावर दाखवणारी थर्मल दुर्बीण होती, तीही त्यांनी वापरून बघितली. "एक नंबर वस्तू आहे. पण ह्यात ऊब दिसते रे, जनावर दिसत नाही. नर आहे का मादी, पोटाशी पाडस आहे का, काही कळत नाही. पांढरा ठिपका नुसता. ठिपक्यावर मी गोळी नाही झाडत. ज्याचा डोळा मला दिसतो त्याच्यावरच झाडतो. आपण कोणाला मारतोय ते बघायला नको?"

आणि नेमके त्यांचेच डोळे जायला लागले. पडद्याचा काहीतरी आजार. कडेचं दिसायचं, मधलं धूसर. लिफ्टची बटणं चाचपायला लागले, मला हाक मारताना माझ्या कानाकडे बघायला लागले. ते स्वतः यावर अवाक्षर काढत नसत. शिकारीचा एप्रिल जवळ आला आणि त्यांनी नेहमीसारखे बूट उन्हात ठेवले, तशा काकू माझ्याकडे आल्या.

"त्यांना दिसत नाहीये. मान्य करत नाहीत. मी नको म्हटलं की हट्टाला पेटतात. तुम्ही जा हो बरोबर."

"अहो काकू, मी? मी कुठे बंदूक—"

"बंदूक नका धरू. तो कॉन्डोवाला त्यांना कशालाही हो म्हणतो. नाही म्हणणारं कुणीतरी पाहिजे. त्यांच्या हातून चुकून एखादं माणूस गेलं, किंवा एखादं जनावर अर्धमेलं होऊन पळालं, तर ते जगायचे नाहीत. मी ओळखते त्यांना."

काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. मी रजा टाकली.

न्यूझीलंडमध्ये एप्रिलमध्ये थंडी पडायला लागते आणि नर हरणं माद्यांसाठी ओरडत फिरतात. दरीत तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी जागीच थांबलो. काका मात्र पोराच्या उत्साहाने चालले होते. एक हात माझ्या खांद्यावर, म्हणजे टेकायला नव्हे, "तुला थंडी वाजतेय म्हणून." मी सगळी वाट मनातल्या मनात "नाही" म्हणायची तयारी करत होतो. या माणसाला, त्याच्या आवडीच्या जागी, त्या कॉन्डोवाल्यासमोर, "काका, तुम्हाला दिसत नाही" असं म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी, उतारावर, तो दिसला. मोठा नर, मान वर, शिंगांना किती फाटे ते मोजायचं मला सुचलं नाही. आम्ही पालथे झालो. काकांनी बंदूक सॅकवर टेकवली आणि तिच्यावरच्या दुर्बिणीला डोळा लावला. कॉन्डोवाला कुजबुजत अंतर सांगत होता, वारा सांगत होता. "काका, मी सांगतो तसं धरा. बसणार म्हणजे बसणार."

काकांचं बोट चापाच्या बाहेर होतं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात तेच बोलले.

"पुणेकर, त्याच्या मागे काय आहे?"

माझ्या हातात साधी दुर्बीण होती. "काही नाही. नुसता डोंगर."

"कान कुठे आहेत?"

"इकडे वळलेत."

"डोळा दिसतो?"

मला दिसत होता. काळा, ओला, एकदा मिटून उघडलेला. "दिसतो," मी म्हणालो.

त्यांनी दुर्बिणीवरून डोळा काढला, पुसला, परत लावला. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. "मला नाही दिसत," म्हणाले. अगदी साध्या आवाजात, पाऊस थांबला म्हणावं तसं. मग बोल्ट मागे ओढून काडतूस काढलं, खिशात टाकलं, बंदूक बाजूला ठेवली आणि उठून बसले. कॉन्डोवाल्याने त्यांच्याकडे बघितलं, मग त्या नराकडे, आणि आपली बंदूक खांद्यावरून काढलीच नाही. पोरगा चांगला होता.

"चहा होऊ दे," काका म्हणाले.

गोळी झाडलीच नव्हती, तरी आम्ही तिघं तिथे गवतात बसून गोळीनंतरचा चहा प्यायलो.

"आहे का अजून?" त्यांनी विचारलं.

"आहे. चरतोय."

थोड्या वेळाने परत विचारलं, "आहे?"

तेव्हा तो गेला होता. मान झटकून एका उडीत झाडीत दिसेनासा झाला होता. "आहे," मी म्हणालो.

काका हसले. "खोटं बोलू नकोस. वारा फिरला, मला मानेवर कळला. आपला वास लागला असणार त्याला. गेला ना?"

"गेला."

"छान," म्हणाले, आणि झाकण पालथं करून झटकलं.

परत आल्यावर त्यांनी क्लबमध्ये जाऊन बंदूक आणि परवाना दोन्ही देऊन टाकले. मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. बाहेर आल्यावर ते एकदाही मागे वळले नाहीत. काकूंना त्यांनी एवढंच सांगितलं, की गुडघे आता चढ घेत नाहीत. काकूंनी माझ्याकडे बघितलं, आणि मीही म्हणालो, "हो, चढ फार आहे तिथे." त्या रात्री काकूंनी आमच्याकडे श्रीखंड पाठवलं.

पुढची दोन वर्षं ते रविवारी त्या बाकावर असायचे. मी ऑफिसच्या तक्रारी सांगायचो, ते वारा कुठून येतोय ते सांगायचे. मधूनच विचारायचे, "समोर काय चाललंय रे?" आणि मी हॉकर सेंटरमधल्या रांगा, मांजरं, भांडणं असं सगळं सांगायचो. खोटं काही मिसळायची सोय नव्हती, लगेच पकडायचे.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी बुटांच्या नाड्या बांधत होतो आणि काकूंचा फोन आला.

"ते गेले हो. पहाटे, झोपेतच."

"आलो. आलोच मी काकू, दोन मिनिटांत." मी फोन कानाला तसाच धरून दाराकडे धावलो. लिफ्टसाठी थांबायचं की जिन्याने जायचं, हेच डोक्यात.

"धावू नका," काकू म्हणाल्या. "आता ते कुठे जाणार नाहीत. बसा आधी. चहा होऊ दे, मग या."

मी उघडलेलं दार परत लोटलं. बूट तसेच पायात ठेवून स्वयंपाकघरात गेलो, आणि आलं किसायला घेतलं.