बर्फाचा वाफा

हवालदार गाडी शिकवायला बसत तेव्हा त्यांच्या अंगात पांढराशुभ्र शर्ट असे आणि हातात काठोकाठ भरलेला चहाचा पेला. बशी नाही, झाकण नाही. शिकणाऱ्यानं गाडी चालवायची आणि हवालदारांनी शेजारी बसून चहा धरायचा. गचका बसला की चहा शर्टावर. तो शर्ट ते लगेच धूत नसत. दुसऱ्या दिवशी तोच घालून फाट्यावर येत आणि चार माणसांत छाती पुढे काढून सांगत, "ही आपल्या बाईंची ब्रेकं हायेत. मोजा." बाई म्हणजे मी. पंधरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्गाला दरडावणारी मी, श्रीगोंद्याकडे जाणाऱ्या फाट्यावर त्या तांबूस डागांसमोर मान खाली घालून उभी राहायचे.

हवालदार सैन्यात ड्रायव्हर होते आणि नोकरीतला बराच काळ त्यांनी लडाखच्या बर्फात ट्रक चालवले होते. निवृत्त होऊन ते आमच्या गावाला आले. आमच्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवर भुश्यात गुंडाळून ठेवलेली लादी. त्यापलीकडे बर्फ कुणी पाहिलेला नाही. अशा गावात या गृहस्थानं एक म्हातारी जीप घेतली, पत्र्याचा बोर्ड लावला आणि लोकांना बर्फावर गाडी चालवायला शिकवायला सुरुवात केली. "बर्फावर चालवता आली तर कुठंबी चालवता येती," एवढंच त्यांचं म्हणणं. गावानं त्यांना 'बर्फाचे हवालदार' केलं आणि पोट धरून हसून घेतलं. हसणाऱ्यांत मीही होते. तालुक्याच्या गावी दुसरी शिकवणी भरलेली होती, म्हणून नाइलाजानं मी त्यांच्याकडे गेले.

घरामागच्या काळ्या रानात त्यांनी एक उतरता पट्टा तयार केला होता. सकाळी त्यावर पाइपनं पाणी सोडायचं, माती पिऊन फुगली की वरून फळी फिरवायची आणि टायर गुळगुळीत झालेली ती जीप त्याच्यावर घालायची. हा हवालदारांचा बर्फाचा वाफा. "काळीचा चिखल आन बर्फ, दोन्ही एकाच जातीची. वरनं लई गरीब दिसत्यात," असं ते म्हणत. गावाला या वाफ्याचा फार राग. उसाला पाणी पुरत नाही आणि हा माणूस रस्त्याला पाणी पाजतो! हे बोलणारे महाभाग मोटर चालू ठेवून लग्नाला जात आणि परत येईपर्यंत त्यांच्या उसाचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात पोचलेलं असे.

मी त्या वाफ्यावर पहिल्यांदा गेले तेव्हा जीप आडवी झाली, मी किंचाळले आणि दोन्ही पाय ब्रेकवर दिले. जीप निवांत घसरत बांधावर जाऊन टेकली. चहा तर गेलाच, पण पेलाही खिडकीबाहेर गेला. हवालदार उतरून चिखलातून पेला उचलून घेऊन आले. मग म्हणाले, "बाई, ब्रेक ह्यो भित्र्या मान्साचा देव हाय. हाका मारा, येतच न्हाई." मग त्यांनी मला पन्नास वेळा तेच करायला लावलं. घसरली की पाय काढायचा. चाकं फिरू द्यायची. स्टिअरिंग हिसकायचं नाही, पोळीला तूप लावावं तसं अलगद फिरवायचं. "थांबायचं कुठं त्ये तुमी ठरवा. बर्फाला ठरवू देऊ नका." भीती वाटली की पाय आपोआप ब्रेकवर जातो, तो न जाऊ देणं एवढंच मी तीन आठवडे शिकत होते. शेवटी एका सकाळी चहा सांडला नाही. त्यांनी तो गार झालेला चहा माझ्यासमोर पिऊन टाकला आणि म्हणाले, "जमलं. आता फुडं इसरायचं न्हाई." एवढंच कौतुक.

रस्त्यावर मात्र त्यांच्याबरोबर जायची लाज वाटे. जीप दुसऱ्या गिअरमध्ये हळूच उचलायची, पुढच्या गाडीपासून अर्ध्या शेताचं अंतर ठेवायचं आणि वळणाच्या कितीतरी आधी वेग मोडायचा. दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटरसायकली आम्हाला मागे टाकून जात. हंगामात तर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टरही पुढे जात, मागे दिवा नाही, कानठळ्या बसवणारं गाणं मात्र आहे. हवालदार त्यांच्याकडे बघून म्हणत, "ह्यांना मागं दिवा नको. मागचा मेला तर त्याचा त्यो बघून घेईल." एकदा कारखान्याजवळच्या वळणावर मळी सांडलेली होती. आमच्या पुढे गेलेली तीन वाहनं एकावर एक जाऊन बसली होती आणि आम्ही आमच्या गोगलगाईच्या चालीनं त्यांच्या बाजूनं निघून गेलो. खाली उतरून एकमेकांच्या आईबहिणी काढणाऱ्या त्या तिघा ड्रायव्हरांनी आमच्याकडे पाहिलं आणि तरीही ते आम्हालाच हसले.

आता माझ्या धाकट्या भावाबद्दल, संदीपबद्दल सांगायला हवं. संदीपनं ऊस आणि दूध यांच्या जिवावर छपराची काच उघडणारी मोठी गाडी घेतली. नगरच्या उन्हात ती काच उघडून तो डोकं बाहेर काढायचा, यावरून त्या डोक्याची कल्पना यावी. गाडी घेतली तशी त्याला मनाली सुचली. विमानानं नाही, रेल्वेनं नाही, श्रीगोंद्याहून थेट गाडीनं, डिसेंबरात, कारण बर्फात उभ्या असलेल्या गाडीचा व्हिडिओ टाकायचा होता. आईला बर्फ बघायचा होता, म्हणून आई निघाली. आई निघाली म्हणून मी.

हवालदार आपणहून घरी आले. संदीपला समोर बसवून म्हणाले, "कडाक्याच्या थंडीत हँडब्रेक वढून ठिवू नका. गोठून बसतोय. गाडी गिअरमधी ठिवायची आन चाकाम्होरं दगड लावायचा." संदीप मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "हवालदार, तुमच्या येळंला गाड्यांना अक्कल नव्हती. आताच्या गाडीला सगळं कळतंय." हवालदार उठले. पायात चपला घालता घालता म्हणाले, "बरं हाय. मग निदान गाडी तरी माघारी येईल."

मनालीच्या वर एका हॉटेलात आम्ही उतरलो. हॉटेलचं आवार उतरतं होतं, खाली फाटक, फाटकाबाहेर अरुंद रस्ता आणि रस्त्यापलीकडे गुडघाभर कठडा. कठड्याच्या खाली काय होतं ते मी पहिल्या दिवशी एकदा वाकून पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. संदीपनं गाडी फाटकाकडे तोंड करून लावली आणि अर्थातच हँडब्रेक ओढला. चांगला जोर लावून ओढला.

सकाळी मागची चाकं फिरेनात. आता आमच्याकडे थंडीत इंजिन सुरू झालं नाही की शेतकरी काय करतो? गरम पाणी ओततो. संदीपनं तेच केलं. हॉटेलच्या माणसांकडून चार बादल्या कढत पाणी मागवलं आणि मागच्या दोन्ही चाकांवर ओतलं. हॉटेलमधला म्हातारा हात हलवून नको नको म्हणत होता, पण संदीपला वाटलं, तो पाण्यासाठी कुरकुरतोय. ब्रेक सुटला. "बघितलं? हवालदाराला सांग आता," असं मला म्हणून तो चहा प्यायला गेला. ते पाणी उतारानं वाहत गाडीच्या पुढे गेलं आणि फाटकापर्यंत पसरलं. संदीपचा चहा होईपर्यंत तिथं आरसा तयार झाला होता. इतका मूर्खपणा हवालदारांनाही सुचला नव्हता. सुचला असता तर त्यांनी तोही सांगून ठेवला असता. आणि मी, त्यांची पास झालेली विद्यार्थिनी, आईच्या अंगावर शाल नीट करत बसले होते. मी खाली पाहिलंच नाही.

आई मागे, मी डावीकडे, संदीप स्टिअरिंगवर. गाडी चार हात पुढे गेली आणि मग चालायची थांबून वाहायला लागली. संदीपनं ब्रेक दाबला. खालून खडखड आवाज आला, पण गाडी थांबायचं नाव घेईना. फाटक जवळ आलं, त्यामागे कठडा. संदीप अर्धवट उभा राहून ब्रेक दाबत होता आणि "थांब, थांब" असं गाडीला सांगत होता. अक्कल असलेली ती गाडी त्याचं काही ऐकत नव्हती.

"पाय काढ!" मी ओरडले. तो काढेना. मी त्याच्या मांडीवर मुठीनं असा गुद्दा घातला की लहानपणीसुद्धा कधी घातला नव्हता. त्याचा पाय उचलला गेला. चाकं फिरायला लागल्याचं मला सीटमधून कळलं. डाव्या अंगाला हॉटेलवाल्यांनी फावड्यानं ओढून बर्फाचा ढीग केला होता. मी एका हातानं स्टिअरिंग माझ्याकडे घेतलं, अलगद. गाडीचं तोंड वळलं आणि नाक ढिगात घुसवून गाडी थांबली. मागून आई म्हणाली, "आलं का?"

खाली येईपर्यंत गाडी मी चालवली, दुसऱ्या गिअरमध्ये. मागे दिल्लीच्या, पंजाबच्या गाड्यांची रांग लागून हॉर्न वाजत होते. संदीप शेजारी बसून मांडी चोळत होता. सपाटीवर आल्यावर त्यानं ढिगात घुसलेल्या गाडीचा फोटो लोकांना पाठवला. खाली लिहिलं होतं, 'फुल मजा'. गावी पोचेपर्यंत त्याच्या तोंडी ही गोष्ट 'ताई जरा घाबरली' एवढीच उरली.

परत आल्यावर मी आधी हवालदारांकडे गेले. ते वाफ्याच्या बांधावर बसले होते. खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायलाच मी गेले होते. सगळं रंगवून सांगितलं. ते संदीपला काहीतरी जहरी बोलतील आणि मी पोटभर हसेन, असं मला वाटत होतं. त्यांनी "आईला लागलं न्हाई ना?" एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं.

मग चिखलाकडे बघत म्हणाले, "संदीपला लई बोलू नका, बाई. मीबी मारला हुता."

"काय?"

"ब्रेक. घाटात. गाडी भरल्याली हुती. जोडीदार शेजारी झोपल्याला. रातभर त्यानं चालवली हुती, म्हनून मी म्हनलं झोप." त्यांनी एक ढेकूळ उचलून चिखलात टाकलं. "मी वाचलो. त्याला वर काढाया दोन दिस लागले. पाय काढ म्हनायला गाडीत कुनी जागं नव्हतं."

एरवी वर्गात तोंड मिटत नाही माझं. मी "चहा करू का?" असं काहीतरी म्हणाले, त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि मी घरी आले.

पुढच्याच पावसाळ्यात हवालदार गेले. त्यांच्या मुलीनं जीप भंगारात दिली. वाफ्यात आता कांदा आहे. गावात त्यांचा विषय निघाला की लोक अजून हसतात. पूर्वी मी त्यांच्याबरोबर हसायचे, आता भांडते, आणि भांडून घरी आले की मला माझाच राग येतो. त्या दिवशी बांधावर त्यांना सांगायला हवं होतं, आणि ते मला फार उशिरा सुचलं. हवालदार, आमच्या गाडीत तुम्ही जागे होता.